गावात तारांगणाचा खेळ लावायचा आहे: घुमट, प्रोजेक्टर आणि आकाश कुठलं दाखवायचं?

म्हादईकाठ
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात वाचनालयातर्फे दोन संध्याकाळी तारांगणाचे खेळ लावायचं ठरतंय. फुगवायचा ५ मीटर व्यासाचा घुमट भाड्याने मिळतोय, ब्लोअरसकट. प्रोजेक्टर शाळेचा, ३००० ल्युमेन, फुल एचडी. प्रेक्षक सगळ्या वयाचे: चौथीतल्या पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत. मिरामारचं विज्ञान केंद्र आहेच, पण म्हातारी माणसं एवढ्यासाठी पणजी गाठणार नाहीत. तयार फिल्म लावावी की स्टेलॅरियम या संगणकावर आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आकाश दाखवत आपणच बोलावं? जागा, वीज, वेळ, बसण्याची सोय, जे सुचेल ते सांगा.

घुमटकार
आधी सभागृहाची उंची मोजा. ५ मीटरचा घुमट उभा राहिला की साधारण साडेतीन मीटर वर जातो. छत उंच असतं, पण पंखे खाली लोंबत असतात आणि घुमट नेमका त्यांनाच टेकतो. पंखे नसलेला मधला चौक किंवा रंगमंचासमोरची मोकळी जागा बघा. घुमटाभोवती मीटरभर तरी वाट राहिली पाहिजे, म्हणजे जमीन ७ बाय ७ मीटर हवी. शिवाय आत यायचा बोगदा आणि ब्लोअरची नळी, त्यांची जागा वेगळी.

मोकळ्या मैदानावर लावायचा मोह टाळा. वाऱ्याने कापड हललं की आकाशही हलतं, आणि संधिप्रकाश कापडातून आत झिरपतो.

आता प्रोजेक्टर. फिशआय लेन्स (घुमटभर गोल चित्र टाकणारी) लावून मधोमध ठेवायचा म्हटलं तर १९२० बाय १०८० च्या चौकटीत १०८० व्यासाचं वर्तुळ बसतं, म्हणजे चौकटीचा ४४ टक्के भागच कामाला येतो. ३००० ल्युमेनमधले सुमारे १३२५ उरले. लेन्समध्ये आणखी थोडे जातील, हजार धरा. ५ मीटरच्या अर्धगोलाचं क्षेत्रफळ ३९ चौरस मीटर, तेव्हा पडद्यावर साधारण २५ लक्स पडतात. ताऱ्यांसाठी हे भरपूर आहे. तेजाची काळजी सोडा. त्रास होतो तो काळ्या रंगाचा. प्रोजेक्टरचा काळा मुळात करडा असतो आणि घुमटात तो चहूबाजूंनी पसरतो. मेनूतला डायनॅमिक आयरिस किंवा ऑटो कॉन्ट्रास्ट बंद करा, नाहीतर एखादा तेजस्वी ग्रह आत आला की सगळं आकाश मिचमिचतं. ब्राइटनेस एक-दोन पायऱ्या उतरवा, इको मोड चालू ठेवा, आवाजही कमी होईल.

पण शाळेच्या प्रोजेक्टरला फिशआय बसेलच असं नाही. कॅमेऱ्याची फिशआय लेन्स पुढे धरून चालत नाही, प्रोजेक्टरसाठी बनवलेलीच लागते. शिवाय मधोमध ठेवायचा तर प्रोजेक्टर आकाशाकडे तोंड करून उभा करावा लागतो. दिव्याच्या बऱ्याच प्रोजेक्टरांना ते मानवत नाही, आतली हवा उलटी फिरते आणि दिवा लवकर जातो. पुस्तिकेत उभं ठेवायची परवानगी आहे का ते वाचा.

तुमच्यासाठी बहिर्वक्र आरशाची पद्धत बरी. घुमटाच्या कडेला आरसा, त्याच्यासमोर आडवा प्रोजेक्टर, आणि चित्र आरशावरून उसळून घुमटभर. स्टेलॅरियममध्ये एफ २ दाबून टूल्समध्ये स्फेरिक मिरर डिस्टॉर्शन चालू केलं की ते चित्र हवं तसं वाकवून देतं. त्याआधी एफ ४ मध्ये प्रोजेक्शन फिशआय करा, दृश्याचा कोन १८० अंश, नजर खस्वस्तिकावर, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूवर. ग्रॅव्हिटी लेबल्सही लावा, नाहीतर अक्षरं उलटी-तिरकी दिसतात.

आरसा वळणावरच्या रस्त्यावर लावतात तो नको. तो नीट गोलाचा तुकडा नसतो, चित्र कुठेतरी ओढल्यासारखं दिसतं. आणि ज्याचा चकाकता लेप मागच्या बाजूला असतो त्यात प्रत्येक तारा दुहेरी दिसतो. लेप पुढच्या पृष्ठावर असलेलाच मागा आणि त्याला बोट लावू देऊ नका.

दर्यावर्दी
एवढा खटाटोप कशाला? युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या संकेतस्थळावर पूर्ण घुमटाच्या फिल्म फुकट उतरवून घेता येतात, श्रेय दिलं की झालं. २५ मिनिटांची फिल्म, पार्श्वसंगीत, कृष्णविवर, आकाशगंगा. लोकांना भव्य काहीतरी हवं असतं. माऊस धरून बसलेला माणूस अडखळला की पोरं चुळबुळ करतात.

चांदणवेल
दर्यावर्दी बाब, फिल्म लावावीच, पण शेवटी आणि दहा मिनिटांची. कारण सांगते.

परदेशी फिल्ममधलं आकाश बहुधा ४० ते ५० अंश उत्तरेचं असतं. त्यात ध्रुव अर्ध्या आकाशावर टांगलेला, सप्तर्षी कधी मावळतच नाहीत. गोवा आहे १५.५ अंशांवर. इथे ध्रुव क्षितिजापासून साडेपंधरा अंश, म्हणजे हात लांब केला तर मूठ आणि अर्धी मूठ एवढाच वर. सत्तरीत तर तो डोंगराआड किंवा पोफळींआड. फिल्म बघून बाहेर आलेला माणूस अर्ध्या आकाशावर ध्रुव शोधतो, सापडत नाही, आणि तिथेच त्याचा आकाशाशी संबंध संपतो.

उलट दक्षिणेला आपल्याला जे मिळतं ते बहुतेक युरोपला कधीच दिसत नाही. अगस्त्य फेब्रुवारीत रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला २२ अंशांवर येतो. त्रिशंकू मेच्या सुरुवातीला रात्री दहाच्या आसपास उभा, पायथ्याचा तारा ११ अंशांवर, माथ्याचा १७ वर. शेजारी मित्र आणि मित्रक हे दोन तेजस्वी तारे. जूनमध्ये ढग आले की संपलं. गोव्यात तारांगण लावून हे दाखवायचं नाही, तर मग गोव्यात लावायचं तरी कशाला?

खेळानंतर लोकांना अंगणात जाऊन दोन-तीन गोष्टी स्वतः ओळखता आल्या पाहिजेत. बाकी भव्यता मोबाईलवरही मिळते.

घुमटकार
यात तांत्रिक भर. ध्रुव आणि त्रिशंकू दोन्ही खाली, म्हणजे आपल्याकडचं महत्त्वाचं सगळं घुमटाच्या कडेला येतं. आणि फुगवलेल्या घुमटात अर्धगोल जिथून सुरू होतो ती कड जमिनीपासून मीटरभर वर असते, तिच्याखाली सरळ भिंत. म्हणून स्टेलॅरियमच्या क्षितिजावरचं चित्र बुटकं ठेवा. स्वतःच्या गावाचा पॅनोरमा टाकायचा असेल तर झाडंपेडं ८ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. ४०९६ बाय २०४८ ची पीएनजी, आकाशाचा भाग पारदर्शक, सोबत लहानशी लँडस्केप डॉट आयएनआय फाईल, एवढंच लागतं. गावच्या देवळाचा कळस क्षितिजावर दिसला की निम्मं काम तिथेच होतं.

आरसा पश्चिमेच्या कडेला ठेवा. आरशाच्या समोरची बाजू स्वच्छ दिसते, त्याच्या डोक्यावरची फिकी आणि पसरट. डिसेंबरच्या संध्याकाळी बघण्यासारखं बहुतेक पूर्वेकडे आहे. आणि आतल्या दिशा खऱ्या दिशांशी जुळवा, म्हणजे घुमटात ज्या हाताला कृत्तिका होत्या, बाहेर अंगणातही त्याच हाताला.

आरशामुळे चित्र डावं-उजवं उलटतं. तपासायचं कसं? तारीख पुढे नेऊन मृग दक्षिणेला आणा. दक्षिणेकडे तोंड केल्यावर व्याध मृगाच्या डावीकडे, खाली दिसला पाहिजे. उजवीकडे दिसला तर प्रोजेक्टरच्या मेनूत रिअर प्रोजेक्शन निवडा.

वायरमन_फोंडा
विजेचं कोणी बोललं नाही.

ब्लोअर खेळभर चालूच राहतो. वीज गेली की घुमट एकदम कोसळत नाही, हळूहळू बसतो, पण अंधारात कापड डोक्यावर यायला लागलं की लहान मुलं घाबरतात. ब्लोअरच्या पाटीवर वॅट किती ते बघा. ५०० वॅट असेल तर १२ व्होल्ट १५० एएचची एक बॅटरी कागदावर साडेतीन तास चालेल, पण तासाभराच्या वर भरवसा ठेवू नका. मोटर सुरू होताना दुप्पट-तिप्पट करंट ओढते, त्यामुळे इन्व्हर्टर १५०० व्हीएचा घ्या आणि ब्लोअर आधीपासून त्याच्यावरच चालवा. वीज गेल्यावर पिना बदलत बसायला वेळ नसतो. दिव्याचा प्रोजेक्टर वेगळ्या यूपीएसवर, कारण गरम दिव्यावरचा पंखा अचानक थांबणं त्याला वाईट.

जनरेटर असेल तर ब्लोअरचं तोंड त्याच्या विरुद्ध दिशेला. ही गोष्ट किरकोळ समजू नका: ब्लोअर जी हवा ओढतो तीच आतली माणसं श्वासात घेतात. धूर आत गेला तर बंद घुमटात पटकन साठतो.

आत ३० माणसं म्हणजे जवळजवळ ३ किलोवॅटची शेगडी, प्रत्येकी शंभर वॅट धरा. त्यामुळे ब्लोअर सावलीत, थंड बाजूला. नळी ३-४ मीटर लांब ठेवली तर घरघरही कमी होते. दारात एक मोठं माणूस सतत, आणीबाणीत बाहेर पडायची चेन कुठे आहे हे खेळ सुरू होण्यापूर्वी बॅटरी मारून सगळ्यांना दाखवायचं. कापड आग न धरणारं आहे ना, तेही भाड्याने देणाऱ्याला विचारा. चपला बाहेर. आत सतरंज्या, मधे चटया. म्हाताऱ्यांसाठी कडेने बुटक्या पाठीच्या खुर्च्या, पण पायांना रबराच्या टोप्या हव्यात, नाहीतर कापड फाटतं.

दर्यावर्दी
पाच मीटरमध्ये तीस बसतात?

वायरमन_फोंडा
मुलं असली तर तीस-पस्तीस. मोठी माणसं पंचवीस, खुर्च्या ठेवल्या तर वीसच. तिकिटं त्या हिशेबाने काढा. एका खेळाला ४५ मिनिटांचा गाळा ठेवा, त्यातली दहा-बारा आत-बाहेर होण्यात जातात.

कुळागर
आवाजाबद्दल एक. घुमट आवाज गोळा करून भलतीकडे टाकतो, एका कोपऱ्यातली कुजबुज समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येते. स्पीकर मधोमध ठेवू नका. दोन लहान स्पीकर कडेला जमिनीवर, तोंड जरा वर. निवेदन मिनिटाला ११०-१२० शब्दांपेक्षा वेगाने नको, आणि ब्लोअरची घरघर असल्यामुळे वाक्यं छोटी.

मुंबईच्या नेहरू तारांगणात पूर्वीच्या यंत्रावर तारे टोकदार दिसायचे, फुगवलेल्या घुमटात ते ठिपके का होतात, हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर घुमटकार देतील.

घुमटकार
१८० अंशांत १०८० ठिपके, म्हणजे एक ठिपका १० कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). डोळा साधारण १ कलेपर्यंत बारकावा ओळखतो. त्यामुळे तारा चौकोनी भुरका दिसणारच. ४०९६ चं चित्र असलं तरी एक ठिपका अडीच कलांच्या वरच राहतो. जुन्या प्रकाशयांत्रिक यंत्रांत प्रत्येक तारा म्हणजे पत्र्यातलं भोक किंवा भिंगामागचा खरा प्रकाशबिंदू असायचा. झाइसने पहिलं यंत्र १९२३ मध्ये म्यूनिकला दाखवलं ते त्याच तत्त्वावर. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधलं १९५४ चं तारांगण स्पिट्झच्या यंत्राचं, त्यात पोकळ कवचाला बारीक छिद्रं आणि आत एक दिवा. साधं यंत्र, पण आकाश काळं कुळकुळीत.

आपल्याकडे उपाय एवढाच की ताऱ्यांची गर्दी करू नका. एफ ४ मध्ये ताऱ्यांचं अ‍ॅब्सोल्यूट स्केल थोडं कमी, रिलेटिव्ह स्केल थोडं जास्त, आणि मर्यादा ५ किंवा ५.५ प्रतीची (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा फिका). सबंध खगोलावर ५ प्रतीपर्यंत साधारण १६०० तारे, ६ पर्यंत सुमारे ५०००. त्यातले निम्मे एका वेळी वर. १० कलांच्या ठिपक्यांत पाच हजार कोंबले तर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखं दिसतं.

म्हादईकाठ
हे सगळं टिपून घेतोय. आता खेळाची आखणी सांगाल का? चांदणवेलताई, तुमच्या पद्धतीने २५ मिनिटं कशी भरायची?

चांदणवेल
डिसेंबरचा तिसरा आठवडा धरून सांगते. सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, पुरता अंधार सव्वासातच्या पुढे. त्यामुळे एक खेळ साडेसहाला सुरू करा, सव्वासातला संपवा आणि लोकांना थेट मैदानात न्या. इतर खेळ सोयीने.

सुरुवात सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधीच्या आकाशापासून. सूर्यास्त घाईत उरकू नका, चार-पाच मिनिटं घ्या. डोळ्यांतल्या शंकूपेशी अंधाराला दहा मिनिटांत सरावतात, दंडपेशींना वीस ते तीस मिनिटं लागतात. सुरुवातीलाच तेजस्वी चित्र फेकलं की पुढचं सगळं फिकं पडतं. या वेळात घुमटाबद्दलच्या सूचना सांगून टाका.

मग प्रकाशप्रदूषण. एफ ४ मध्ये त्याची पट्टी आहे. आधी ती ८ वर ठेवून पणजीचं आकाश दाखवा, मांडवीतल्या कॅसिनोंच्या झगमगाटाखाली जे दहा-वीस तारे उरतात ते. मग काही न बोलता पट्टी हळूहळू ३ वर आणा. इथे संगीत नको, निवेदनही नको. सगळ्या खेळात लोकांचा उद्गार निघतो तो इथे.

पुढे खुणा मोजक्याच. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, त्याच्याखाली रोहिणी, आणि क्षितिजावर नुकता आलेला मृग. साडेसातला मृग जेमतेम २० अंशांवर असतो. उत्तरेला शर्मिष्ठा, तिची इंग्रजी एम अक्षरासारखी आकृती ध्रुवाच्या वर, ४५ अंशांवर. सप्तर्षी तेव्हा दिसत नाहीत, म्हणून शर्मिष्ठेवरून ध्रुव कसा काढायचा ते दाखवा. वायव्येला मावळायला आलेला अभिजित सांगितला तर बरं, नाही सांगितला तरी चालेल. रेषा सी दाबून येतात, चित्रं आर ने. चित्रं एकेका नक्षत्रापुरती दाखवा, सगळी एकदम लावली की घुमटात जनावरांचा बाजार भरतो.

मग तास पुढे न्या. आधी व्याध वर येतो, मग साडेआठच्या सुमारास आग्नेयेला अगस्त्य उगवतो. इथे वेगाकडे लक्ष द्या. पूर्ण दिवसाची फेरी दोन मिनिटांपेक्षा कमी वेळात फिरवली तर माणसांना गरगरतं, विशेषतः जमिनीवर आडव्या पडलेल्यांना. आकाश फिरतंय तोवर दुसरं काही हलवू नका, झूम तर मुळीच नको. फिरणं थांबवतानाही एकदम ब्रेक मारू नका.

मधला भाग पंचांगाचा, आणि माझ्या मते सबंध खेळातला सर्वांत जमणारा. म्हाताऱ्या माणसांना हा विषय आधीच अर्धा माहीत असतो, म्हणून ती तिथे बोलू लागतात. कालनिर्णयातून पौर्णिमांच्या तारखा काढून आधीच लिहून ठेवा. कार्तिकी पौर्णिमेला, सांखळीच्या विठ्ठलापूरला त्रिपुरारीच्या होड्या सुटतात त्या रात्री, चंद्र कृत्तिकांच्या आसपास. दत्तजयंतीला मृगशीर्षापाशी. पौषात पुष्य, माघात मघा, शिमग्याला फाल्गुनी, चैत्रात चित्रा. प्रत्येक तारखेला आकाश थांबवा आणि महिन्याचं नाव प्रेक्षकांकडूनच वदवून घ्या. चंद्र नेमका त्या ताऱ्यावर नसतो, नक्षत्रभर मागेपुढे असतो, हेही सांगा. नाहीतर कोणीतरी बोट दाखवून हटकतंच.

त्यानंतर दहा मिनिटं फिल्म. निवेदन कोकणीत करा की मराठीत, तुमच्या गावाला विचारा. नक्षत्रांची नावं तीच राहतात.

दर्यावर्दी
पंचांगाचं मान्य. पण मग संक्रांतीचा प्रश्न येणार: सूर्य उत्तरेकडे वळतो कधी, १४ जानेवारीला की आधी?

चांदणवेल
आधी. २१-२२ डिसेंबरला. म्हणजे तुमच्या खेळाच्या आठवड्यातच. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे अयनबिंदू, म्हणजे सूर्य जिथून वळतो ती जागा, ताऱ्यांच्या मानाने सरकत राहतो. सुमारे १७०० वर्षांपूर्वी उत्तरायण आणि मकर संक्रमण जुळत होतं. घुमटात हे समजावत बसलात तर दहा मिनिटं जातात, म्हणून कोणी विचारलं तरच.

त्यापेक्षा शून्य सावली दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे. तारीख २-३ मे, वेळ दुपारी १२ वाजून ३२ मिनिटं. सूर्य घुमटाच्या बरोबर टाळूवर येतो. काणकोणपासून पेडण्यापर्यंत यात दोन-तीन दिवसांचा फरक पडतो. साडेबारा का, बाराला का नाही, हे पोरं विचारतात: आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७४ च्या आसपास, म्हणून सूर्य अर्धा तास उशिरा माथ्यावर. १० ऑगस्टच्या सुमारास पुन्हा हाच योग येतो, पण तेव्हा आपल्याकडे सूर्य दिसला तर खरं.

कुळागर
निर्देशासाठी हिरवा लेसर आणू नका. आरसा असलेल्या घुमटात तो कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. पडद्यावरचा बाण मोठा करा, पुरतो. पांढरे कपडेही नकोत निवेदकाला, प्रोजेक्टरच्या उजेडात तो चंद्रासारखा चमकतो.

घुमटकार
फिल्मबद्दल राहिलंच. ती चौकोनी व्हिडिओत गोल चित्र अशी येते. फिशआय असती तर कुठल्याही प्लेअरमध्ये पूर्ण पडदाभर लावून चालली असती. आरशासाठी ती वाकवून दाखवावी लागते आणि साधा प्लेअर ते करत नाही. वार्पिंगची सोय असलेला प्लेअर आधी चालवून बघा, किंवा फिल्म एकदा वाकवून नवीन व्हिडिओ बनवून ठेवा. हे आदल्या आठवड्यात करा, लॅपटॉप रात्रभर चालतो. खेळाच्या लॅपटॉपवर अपडेट बंद, स्क्रीनसेव्हर बंद, वायफाय बंद. नाहीतर आकाशगंगेच्या मधोमध अँटिव्हायरसची खिडकी येते.

म्हादईकाठ
शेवटचं: आरसा वाचनालयासाठी विकतच घ्यावा असं समितीत चाललंय. पावसाळ्यात टिकेल का?

घुमटकार
टिकेल, पण कपाटात नाही. गोव्यातली जून ते सप्टेंबरची हवा म्हणजे बुरशीला आमंत्रण. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, तळाशी रंग बदलणारं सिलिका जेल, आत वीस-तीस रुपयांचा नाही तर जरा बरा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के ठेवा. ६५ च्या वर जाऊ लागला की जेल कढईत मंद आचेवर परतून पुन्हा घाला. आरसा कापडात गुंडाळून ठेवू नका, कापड ओल धरतं. धूळ फक्त फुंकणीने. पुढच्या लेपाच्या आरशाला कोलीन मारून फडक्याने घासलं की तो कायमचा गेला.